तरणतलाव महापालिकेचा, मग चालवायचा कोणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत एका वसाहतीत विकासकाने आरक्षित भूखंडावर तरणतलाव आणि बहुउद्देशीय सभागृह बांधून महापालिकेकडे हस्तांतरित केले आहे. ते अजून सुरू झालेले नाही. आता ते पंधरा वर्षांसाठी एका खासगी संस्थेला चालवायला देण्याचा प्रस्ताव आहे. त्यावरून सोसायट्यांच्या फेडरेशनमध्ये दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे, तलाव आणि हॉल चालवणे हे महापालिकेचे कामच नव्हे, तिने पाणी, कचरा, गटारे बघावीत. दुसऱ्या तटाचे म्हणणे, लोकांची मालमत्ता खासगी हातात देण्याचा अधिकारच महापालिकेला नाही. यातले बरोबर कोण, आणि आम्ही नेमके काय करावे?

कायद्याच्या कसोटीवर दोघांचेही म्हणणे टिकत नाही. महापालिकेला तलाव बांधता येतो, मालकीचा ठेवता येतो, स्वतः चालवता येतो आणि दुसऱ्याकडून चालवूनही घेता येतो. मी बरीच वर्षे महापालिकेच्या मालमत्ता विभागात काढली आणि आता सोसायट्यांना असे करारनामे वाचून देतो. मला दिसते ते असे की भांडण ‘महापालिका की खासगी’ या मुद्द्यावर रंगते आणि ज्या कागदावर पुढची पंधरा वर्षे ठरणार असतात तो कागद कोणी उघडूनच पाहत नाही. म्हणून आधी अधिकाराचे बघू आणि मग त्या कागदाकडे वळू.

मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 खाली चालतात. मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा. ठाणे महापालिका 1 ऑक्टोबर 1982 ला अस्तित्वात आली, नवी मुंबई महापालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 ला सुरू झाला. दोन्ही शहरांना 1949 चाच कायदा लागू आहे. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. तुम्हाआम्हाला कायद्याने मनाई नसेल ते सगळे करता येते. महापालिकेचे उलट असते. कायद्याने जे करायला सांगितले किंवा करू दिले तेवढेच तिला करता येते. तेव्हा ‘महापालिकेचे काम काय’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या मतावर अवलंबून नाही, ते अधिनियमात लिहिलेले आहे.

ते दोन कलमांत आहे. कलम 63 मध्ये बंधनकारक कर्तव्ये आहेत: पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्त्यांची सफाई आणि दिवाबत्ती, अग्निशमन, सार्वजनिक दवाखाने आणि रुग्णालये, मंडई, स्मशाने, प्राथमिक शिक्षण. कलम 66 मध्ये स्वेच्छाधीन कामे आहेत आणि ती यादी बरीच लांब आहे. उद्याने, वाचनालये, नाट्यगृहे, पोहण्याचे तलाव, प्रवासी वाहतूक, इतकेच काय, वीज किंवा गॅस पुरवठ्याचा उपक्रम विकत घेण्याची किंवा सुरू करण्याची तरतूदही त्यात आहे. यादीच्या शेवटी सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य, सोय किंवा शिक्षण वाढवणारे, वर न सांगितलेले कोणतेही काम अशीही मुभा आहे. तेव्हा ‘तलाव हे महापालिकेचे काम नाही’ म्हणणाऱ्या सभासदांना कलम 66 दाखवा, तो मुद्दा तिथेच मिटेल.

मात्र दोन कलमांमधला फरक नुसता नावाचा नाही. बंधनकारक कामात ‘पैसे नाहीत’ ही सबब चालत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने उघड्या गटारांबाबत हीच सबब पुढे केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ती फेटाळली आणि वैधानिक कर्तव्य निधीअभावी टाळता येणार नाही असे बजावले. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेला परवडत नाही म्हणून बंद करता येणार नाही, ते यामुळेच. तरणतलाव मात्र स्वेच्छाधीन यादीत येतो. तो चालवलाच पाहिजे असा आदेश तुम्हाला न्यायालयातून सहजी मिळणार नाही. पण एकदा चालवायचे ठरले, की तो कसा चालवला जातो यावर कायद्याची बंधने पूर्णपणे लागू होतात. तुमच्या फेडरेशनला पाय रोवायला जागा आहे ती तिथे.

घटनेचाही उल्लेख नेहमी होतो. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली आणि बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 विषय आले. त्यात उद्याने, बागा, क्रीडांगणे आहेत, पाणीपुरवठाही आहे. परंतु अनुच्छेद 243-डब्ल्यू मध्ये राज्याचे विधानमंडळ हे अधिकार ‘देऊ शकेल’ असे म्हटले आहे. म्हणजे अधिकार खाली येतो तो राज्याच्या कायद्यातूनच. सभेत घटनेचा दाखला जरूर द्या, पण अर्जात कलम 1949 च्या अधिनियमाचे लिहा.

आता मालकी. लोक सगळ्यात जास्त गृहीत धरतात ती हीच. ठाण्यात महापालिकेचे म्हणून जे दिसते त्यातले सगळे महापालिकेचे नसते. जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण ‘सिव्हिल’ म्हणतो, ते राज्य सरकारचे आहे आणि कळव्याचे महापालिकेचे. तक्रार घेऊन चुकीच्या दारात गेलेली माणसे मी नेहमी पाहतो. येऊरचे जंगल वनविभागाकडे आहे. वागळे इस्टेट एमआयडीसीने वसवली, मेट्रोचे काम एमएमआरडीएकडे आहे, स्थानकाचे आवार रेल्वेचे. नवी मुंबईत गुंता आणखी वेगळा आहे. सिडको 17 मार्च 1970 ला स्थापन झाली, शासनाने संपादित केलेली जमीन तिच्याकडे आली आणि भूखंड भाडेपट्ट्याने दिले गेले. महापालिका मागाहून आली आणि नोड (सिडकोने वसवलेले विभाग), उद्याने, मंडया टप्प्याटप्प्याने तिच्याकडे सोपवल्या गेल्या. वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह बांधले सिडकोने, चालवते महापालिका. एखादा मोकळा भूखंड नागरिकांना मैदान वाटतो आणि सिडकोच्या लेखी तो विक्रीचा असतो, या वादाची मुळे इथे आहेत. महापालिकेला विकास आराखड्यात आरक्षण टाकता येते, पण आरक्षण टाकले म्हणून जमिनीची मालकी मिळत नाही.

आरक्षणाची जमीन ताब्यात घेण्याचे मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 126 मध्ये दिले आहेत: वाटाघाटीने विकत घ्यायची, मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटईक्षेत्र (बांधकामाला परवानगी असलेले क्षेत्र) द्यायचे, नाहीतर भूसंपादन करायचे. दहा वर्षांत यातले काहीच झाले नाही तर जमीनमालक कलम 127 ची नोटीस बजावतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण उडते. 2015 पर्यंत ही मुदत 12 महिने होती. तुमच्याकडे विकासकाने आरक्षण विकसित करून दिले आहे. त्याला त्या बदल्यात काहीतरी मिळालेले आहे, बहुधा टीडीआर किंवा जागेवरचे वाढीव चटईक्षेत्र. काय मिळाले ते परवानगीच्या कागदात लिहिलेले असते. ते शोधून काढा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

नुसती ताबा पावती म्हणजे मालकी नव्हे, हेही तपासून घ्या. एका महापालिकेच्या एका प्रकरणात मी फाईल उघडली तेव्हा आत फक्त एक पानी ताबा पावती होती: ‘इमारत सुस्थितीत मिळाली’, खाली दोन सह्या. मिळकत पत्रिकेवर नाव मूळ जमीनमालकाचेच होते. वीजमीटर विकासकाच्या नावावर, पाण्याची जोडणी शेजारच्या सोसायटीच्या टाकीवरून. इमारतीसमोर महापालिकेचा फलक मात्र झळकत होता. अशी मालमत्ता चालवायला दिली की पहिल्या वीजबिलापासून तंटा सुरू होतो, आणि काही वर्षांनी जमीनमालकाचे वारस हक्क सांगायला येतात. म्हणून तुमच्या भूखंडाची मिळकत पत्रिका किंवा सातबारा आजच काढा. मालक म्हणून महापालिकेचे नाव नसेल तर करारनाम्याच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी फेरफार नोंद करून घेण्याचा आग्रह धरा.

संचालनाचा, म्हणजे प्रत्यक्ष चालवण्याचा अनुभव या दोन शहरांत भरपूर आहे, आणि तो एकाच दिशेचा नाही. गडकरी रंगायतन 1978 पासून उभे आहे, तेव्हा ठाण्यात महापालिकाही नव्हती, नगरपालिका होती. ठाणे परिवहन सेवा 9 फेब्रुवारी 1989 ला सुरू झाली, नवी मुंबईची 23 जानेवारी 1996 ला. परिवहनासाठी अधिनियमात वेगळे प्रकरणच आहे. परिवहन समिती वेगळी, व्यवस्थापक वेगळा, अंदाजपत्रक आणि निधी वेगळा. त्यामुळे बससेवेचा तोटा दरवर्षी सर्वांसमोर येतो आणि त्यावर महासभेत चर्चा होते. तलाव, सभागृह, नाट्यगृह यांचा हिशेब असा वेगळा निघत नाही. उत्पन्न एका लेखाशीर्षात, वीज दुसऱ्यात, दुरुस्ती तिसऱ्यात. मग ‘हे परवडत नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते खरे की खोटे हे ठरवायला आकडाच हाताशी नसतो. प्रत्येक मोठ्या सुविधेचे जमाखर्चाचे स्वतंत्र पान अंदाजपत्रकात हवे, ही मागणी मी अनेक वर्षे करतो आहे. खासगीकरणाच्या बाजूचा असो वा विरोधातला, त्या पानावाचून कोणालाही प्रामाणिक मत देता येणार नाही.

पूर्ण मालकीने काय साधते ते पाहायचे तर मोरबे धरण पाहा. खालापूर तालुक्यात, म्हणजे शहराबाहेर आणि जिल्ह्याबाहेर, धावरी नदीवरचे हे धरण नवी मुंबई महापालिकेने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून घेतले. कायद्याला ही अडचण नाही, महापालिकेला हद्दीबाहेरही मालमत्ता घेता येते. ठाण्याचे तसे नाही. ठाण्याची स्वतःची पाणीयोजना आहे, पण बाकीचे पाणी स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून येते. स्टेम ही ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर महापालिका व ठाणे जिल्हा परिषद यांच्या सामायिक मालकीची कंपनी आहे. एका शहराला एकट्याने झेपत नाही ते चौघांनी मिळून करायचे, हाही मालकीचाच एक प्रकार, आणि मला तो चांगला वाटतो. परंतु कपातीच्या दिवसांत दोन शहरांतला फरक उघडा पडतो. ठाणेकराच्या नळाचे वेळापत्रक बऱ्याच अंशी दुसऱ्या संस्थेच्या दुरुस्तीवर ठरते. दिव्यात किंवा घोडबंदरला राहणाऱ्याला हे सांगायला नको.

मग तलाव महापालिका स्वतः का चालवत नाही? कारण बहुतेक वेळा पैशापेक्षा माणसांचे असते. जीवरक्षक, प्रशिक्षक, गाळणी यंत्रणेचा चालक ही पदे महापालिकेला आपल्या मर्जीने भरता येत नाहीत. कर्मचारी आकृतिबंधाला, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याला, राज्य शासनाची मंजुरी लागते आणि आस्थापना खर्चाच्या, म्हणजे पगार-भत्त्यांच्या, 35 टक्क्यांच्या मर्यादेकडे बोट दाखवून नवी पदे अडवली जातात. ठेक्याचा खर्च मात्र आस्थापनेत मोजला जात नाही. म्हणजे तेच काम, तितकीच माणसे, कधीकधी जास्तच पैसे, पण हिशेबाचा रकाना वेगळा. इमारती वाढत जातात आणि त्या चालवणारी माणसे वाढत नाहीत, यामागे हे कारण आहे. खासगी संस्थेकडे सुविधा देण्याचा निर्णय पुष्कळदा विचार करून घेतलेला नसतो. दुसरा रस्ता बंद असतो म्हणून तो घेतला जातो. मला हे मनापासून चुकीचे वाटते. पण तुमच्या फेडरेशनला आकृतिबंध बदलता येणार नाही. करारनामा बदलून घेता येईल.

तेव्हा आता कागद. पहिला प्रश्न, हा व्यवहार नक्की आहे तरी काय? भाडेपट्टा असेल तर जागेत हक्क निर्माण होतो. परवाना असेल तर वापरायची परवानगी मिळते, हक्क नाही. संचालनाचा ठेका असेल तर महापालिका पैसे देते किंवा उत्पन्नात वाटा घेते, आणि ठेकेदार काम करतो. प्रस्तावाच्या गोषवाऱ्यात ‘चालवण्यास देणे’ एवढेच मोघम लिहिलेले असते आणि जोडलेल्या मसुद्यात भाडेपट्ट्याच्या अटी असतात, असे मी पाहिलेले आहे. भाडेपट्टा असेल तर अधिनियमाचे कलम 79 लागते. एक वर्षापर्यंतचा भाडेपट्टा आयुक्त आपल्या अधिकारात देऊ शकतात, अगदी मासेमारीचा किंवा फळे-फुले तोडण्याचा हक्कसुद्धा त्यात येतो. त्यापुढे मुदत आणि रकमेनुसार स्थायी समिती आणि मग महासभा यांची मंजुरी लागते. पंधरा वर्षे म्हणजे महासभाच. आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये, हे त्याच कलमात आहे. नाममात्र भाड्याने पंधरा वर्षे, असा प्रस्ताव असेल तर तुमचा सर्वांत मजबूत आक्षेप हाच.

मंजुरीच्या बाबतीत अलीकडच्या काळाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. नवी मुंबईत मे 2020 ला आणि ठाण्यात मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यापुढे दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार राहिला. त्या काळात आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. असे ठराव कायदेशीर असतात. पण महासभेत होणारी प्रश्नोत्तरे, उपसूचना, विरोधी मत यांतले काहीच इतिवृत्तात सापडत नाही. तुमच्या तलावाचा मूळ ठराव त्या काळातला असेल तर निविदेच्या अटी अधिक बारकाईने वाचा, कारण त्या दुसऱ्या कोणी वाचल्या असतील याची खात्री नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. पंधरा वर्षे का? लांब मुदत समर्थनीय ठरते ती चालवणाऱ्याने स्वतःचे भांडवल घातले असेल तेव्हा. बांधा, वापरा, हस्तांतरित करा या पद्धतीत तो इमारतीत पैसा ओततो आणि तो वसूल व्हायला वर्षे लागतात. तुमच्याकडे इमारत विकासकाने बांधली, त्याचा मोबदला त्याला टीडीआर किंवा चटईक्षेत्राच्या रूपाने मिळाला, आणि ते चटईक्षेत्र शेवटी तुमच्याच परिसराच्या रस्त्यांवर आणि पाण्यावर भार टाकते आहे. म्हणजे या तलावाची किंमत तुम्ही एकदा चुकती केली आहे. चालवणाऱ्या संस्थेने काहीच गुंतवले नसेल तर तीन वर्षे, काम चांगले असेल तर आणखी दोन, याहून जास्त मुदत देण्याचे मला कारण दिसत नाही. फक्त हा एक बदल पदरात पाडून घेतलात तरी फेडरेशनचे श्रम सार्थकी लागतील.

तिसरा प्रश्न दराचा. तिकीट कोण ठरवणार? करारात ‘दर संस्था ठरवील’ असे असेल तर ती सुविधा सार्वजनिक उरत नाही, मालकी कोणाचीही असो. दर महासभेने मंजूर करावेत, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, अपंग आणि महापालिका शाळेची मुले यांच्यासाठीचे सवलतीचे दर परिशिष्टात आकड्यांनिशी असावेत, आणि सकाळी 6 ते 9 व संध्याकाळी 5 ते 8 या वेळांतले किती तास सर्वसामान्य सभासदांना हे लिहिलेले असावे. बहुतेक संस्था इथेच फसवतात. दर कागदावर स्वस्त ठेवतात, पण सोयीच्या वेळा खासगी प्रशिक्षण वर्गांना देऊन टाकतात आणि नोकरदाराच्या वाट्याला दुपारी एकची वेळ येते. बसच्या भाड्याला निदान मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. तलावाला असा कोणी वरचा पंच नाही, म्हणून जे काही हवे ते करारातच यायला हवे.

चौथा मुद्दा देखभालीचा, आणि त्यासाठी इमारतीच्या तळघरात उतरावे लागेल. तलावाचे आयुष्य पाण्यापेक्षा गाळणी कक्षात ठरते. वाळूच्या गाळणीवर दाबमापक असतो. दाब वाढला की उलटे पाणी सोडून गाळणी धुवायची असते. क्लोरिन आणि पीएच दिवसातून किमान दोनदा मोजून नोंदवहीत लिहायचे, पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान हवा. मी पाहणीला गेलो की पाण्याकडे नंतर बघतो, आधी ती नोंदवही मागतो. एका ठिकाणी महिन्याभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, आणि रोज पीएच 7.4. दाबमापकाची काच फुटलेली आणि काटा शून्यावर. मोटर मात्र चालू होती. ठेक्याला आठ महिने उरले होते. त्या संस्थेला गाळणीतली वाळू बदलण्यात काही स्वारस्य नव्हते, कारण तिचा फायदा पुढच्याला होणार होता. करार संपताना अशी झिजलेली यंत्रणा महापालिकेच्या पदरात पडते आणि नूतनीकरणाचा खर्च पुन्हा करदात्याच्या माथी येतो. यावर उपाय आहे. ताबा देताना पंप, गाळणी, फरशी, विद्युत यंत्रणा यांची छायाचित्रांसह स्थिती-यादी करायची, दरवर्षी तिऱ्हाईत अभियंत्याकडून तपासणी, आणि अनामत रकमेतला ठरावीक भाग शेवटच्या तपासणीपर्यंत अडवून ठेवायचा. मसुद्यात ‘देखभाल संस्था करील’ एवढीच ओळ असेल तर ती नसल्यातच जमा धरा.

जबाबदारीबद्दल फेडरेशनमधल्या एका गैरसमजाकडे बोट दाखवतो. ‘ठेकेदाराला दिले, आता महापालिकेचा संबंध नाही’ हे खरे नाही. दिल्लीत चांदणी चौकातले घंटाघर कोसळून माणसे गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये मालक म्हणून महापालिकेला भरपाईला जबाबदार धरले. दोष दिसत नव्हता हा बचाव मान्य झाला नाही. तलावावरच्या कंत्राटी कामगारांच्या बाबतीतही कंत्राटी कामगारांविषयीच्या कायद्याने महापालिका मुख्य मालक, म्हणजे मुख्य नियोक्ता, ठरते आणि ठेकेदाराने वेतन थकवले तर ते तिच्यावर येते. हे कलम मी अधिकाऱ्यांनाही आवर्जून वाचून दाखवत असे. चालवणे दुसऱ्याला देता येते, उत्तर देणे देता येत नाही.

आणि वापर बदलण्याची मर्यादा. सभागृह लग्नाला, तलाव रिसॉर्टसारखा, गच्चीवर हॉटेल, असा प्रवास मी पाहिलेला आहे. आरक्षण ज्या कारणासाठी, वापर त्याच कारणासाठी, ही रेघ सर्वोच्च न्यायालयाने ठळक केली आहे. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती, ते वाटप 1991 मध्ये रद्द झाले. लखनौमध्ये महापालिकेने झंडेवाला पार्कखाली विकासकाला बाजार बांधू दिला. 1999 मध्ये न्यायालयाने ते बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करायला सांगितले, आणि महापालिका अशा जागांची विश्वस्त असते, असे म्हटले. ‘लोकांची मालमत्ता देण्याचा अधिकारच नाही’ म्हणणाऱ्या तटाच्या बोलण्यात तथ्य आहे ते इथपर्यंत. देता येते, पण विश्वस्ताने देता येते तेवढेच.

आता काय करायचे. माहितीचा अधिकार कायद्याखाली अर्ज करून पाच कागद मागा: विकासकाच्या परवानगीतले आरक्षणाचे कलम आणि त्याला दिलेला मोबदला, ताबा पावती, मिळकत पत्रिका, महासभेचा किंवा प्रशासकाचा ठराव गोषवाऱ्यासह, आणि निविदा व करारनाम्याचा मसुदा. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. ‘माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. कागदाचे नाव लिहा, नाहीतर ‘माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते. प्रभाग समिती, मालमत्ता विभाग आणि शहर विकास विभाग या तिन्हीकडे स्वतंत्र अर्ज टाका, कारण या पाच कागदांची फाईल एकाच टेबलावर क्वचितच असते.

करार अजून झालेला नसेल तर वेळ हातात आहे. हरकत आयुक्तांना लेखी द्या, प्रत आपल्या नगरसेवकांना आणि मुख्य लेखापरीक्षकांना. लेखापरीक्षक हे आयुक्तांच्या हाताखालचे नसतात, त्यांचा अहवाल स्थायी समितीपुढे जातो, आणि बाजारभावापेक्षा कमी भाड्याचा मुद्दा त्यांच्या कामाचाच आहे. हरकतीत ‘खासगीकरण नको’ असे लिहून थांबू नका. मुदत तीन वर्षे, दर महासभेने ठरवलेले, सार्वजनिक वेळा परिशिष्टात, स्थिती-यादी आणि वार्षिक तपासणी, असे चार बदल नेमक्या शब्दांत सुचवा. अधिकाऱ्याला मसुद्यात उचलून टाकता येईल असे वाक्य लिहून दिले की ते पुष्कळदा खरोखर उचलले जाते. मालमत्ता विभागातली माणसे कामाच्या ओझ्याखाली असतात, त्यांच्यातल्या अनेकांना चांगला करार हवाच असतो.

करार झालेला असेल आणि त्यात कलम 79 चा भंग दिसत असेल तर कलम 451 खाली राज्य शासनाला ठराव निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार आहे. नगरविकास विभागाकडे तसे निवेदन करता येते. त्यातून काही निघाले नाही तर अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालय. पण तिथे जाताना मिळकत पत्रिका, ठराव आणि बाजारभावाचा पुरावा म्हणून परिसरातले दोन-तीन नोंदणीकृत भाडेकरार हातात असू द्या. नोंदणी कार्यालयातून त्यांच्या प्रती मिळतात, आणि त्या गोळा करायला लागणारे दोन-तीन आठवडे आत्ताच खर्च करणे शहाणपणाचे.